नऊ आवाजांत नाशिक ढोल: घरच्या गेमसाठी जुन्या साउंड कार्डाचं संगीत

पंचवटीकर

नमस्कार मंडळी,

मी आणि माझा भाचा मिळून घरी एक छोटा गेम बनवतोय. नाव 'धप्पा'. विषय रंगपंचमीची रहाड. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो: जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनचे दगडी हौद जमिनीखाली आहेत. वर्षभर ते लाकडं आणि माती टाकून झाकलेले असतात, वरून वाहनं जातात. रंगपंचमीला ते उघडतात, रंग कालवतात आणि लोक त्यात उड्या घेतात. या उडीला धप्पा म्हणतात. आमच्या गेममध्ये धप्पा नेमका ढोलाच्या ठोक्यावर पडला तर रंग उंच उडतो आणि गुण जास्त मिळतात. सगळा खेळ ठेक्यावर उभा आहे, त्यामुळे चित्रांपेक्षा संगीतावर माझा जास्त वेळ गेलाय.

गेम डॉसचा आहे, ३२० बाय २०० पिक्सेल, २५६ रंग. संगीत ॲडलिब कार्डासाठी. कॅनडातल्या क्यूबेकच्या ॲडलिब कंपनीने १९८७ साली हे कार्ड काढलं. त्यावर यामाहाची वायएम३८१२ ही चिप होती, तिलाच ओपीएल२ म्हणतात. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्हने साउंड ब्लास्टर आणलं, त्यावरही हीच चिप बसवली, आणि पुढची काही वर्षं पीसीवरचं गेमसंगीत म्हणजे ओपीएल असं समीकरण होऊन गेलं.

चिपमध्ये रेकॉर्ड केलेला आवाज एकही नाही. नऊ चॅनल, प्रत्येकात दोन ऑपरेटर. ऑपरेटर म्हणजे एक साइन लहर आणि तिची चढ-उताराची कमान. पहिला ऑपरेटर, म्हणजे मोड्युलेटर, दुसऱ्याची फेज पुढे-मागे हलवतो. दुसरा, कॅरियर, आपल्याला ऐकू येतो. हलवण्याचा वेग कमी असेल तर सूर नुसता थरथरतो. तो वेग सुरांच्या पट्टीत गेला की थरथरणं थांबतं आणि नवे हार्मोनिक, म्हणजे मूळ सुरावरचे जोडसूर, तयार होतात. स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना हे १९६७ मध्ये सापडलं, १९७३ मध्ये त्यांनी त्यावर शोधनिबंध लिहिला, यामाहाने ते तंत्र परवान्यावर घेतलं आणि १९८३ चा डीएक्स७ सिंथेसायझर त्यावरच उभा राहिला. डीएक्स७ मध्ये एका आवाजाला सहा ऑपरेटर होते, आपल्याकडे दोन. पण दोनांतही पुष्कळ आहे.

माझं मत ठाम आहे: या चिपसाठी वाद्य हातानेच घडवावं. तयार बँकेतला (वाद्यांच्या संचातला) 'ड्रम' उचलून नाशिक ढोल होत नाही. मी घडवलेला ढोल असा:

कॅरियरचा मल्टिप्लायर (सुराची पट) १, अटॅक १५, डिके ६, सस्टेन १५, रिलीज ६. अटॅक म्हणजे आवाज चढण्याचा वेग, १५ सर्वांत झटपट. डिके म्हणजे त्यानंतर विरण्याचा वेग, रिलीज म्हणजे सूर सोडल्यावर विरण्याचा. डिकेचा आकडा एकाने कमी केला की विरायला दुप्पट वेळ लागतो, आणि ६ वर घुमारा पुरेसा रेंगाळतो. सस्टेनमध्ये १५ म्हणजे सर्वांत खालची पातळी, म्हणजे आवाज अडून न राहता सरळ विरत जातो. मोड्युलेटरचा मल्टिप्लायर २, अटॅक १५, डिके ९, टोटल लेव्हल (आवाजाची पातळी) १४, फीडबॅक (ऑपरेटरने स्वतःलाच हलवणं) ३. मोड्युलेटर लवकर संपतो, म्हणून सुरुवातीला टिपरूचा 'ठण्ण' येतो आणि मागे नुसता घुमारा उरतो.

पण एवढ्याने ढोल होत नाही. टिपरू पडल्यावर पान ताणलं जातं आणि सूर क्षणभर वर जाऊन खाली येतो. म्हणून ब्लॉक (सप्तक) १ वर एफ-नंबर (त्या सप्तकातला सूर ठरवणारा आकडा) १००० पासून सुरू करून टायमरच्या प्रत्येक टिकला उतरवत ७४० पर्यंत आणतो. म्हणजे साधारण ९५ हर्ट्झवरून ७० हर्ट्झवर, सेकंदाच्या दहाव्या भागात. हे केलं आणि भाचा आतल्या खोलीतून पळत आला.

फाइलचं रूप मी आयडी सॉफ्टवेअरच्या आयएमएफवरून घेतलंय, कारण त्याहून सोपं काही नाही. एका नोंदीला चार बाइट: रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा), त्यात टाकायचा आकडा, आणि दोन बाइटांत पुढच्या नोंदीपर्यंत थांबायचे टिक. वुल्फेनस्टाइन ३डी मध्ये सेकंदाला ७०० टिक होते, मीही तेच ठेवलेत. चाल फर्नेस ट्रॅकरमध्ये (जुन्या चिपांसाठी संगीत लिहायच्या प्रोग्राममध्ये) बांधतो आणि तिथून रजिस्टरच्या नोंदी काढून घेतो.

दोन गोष्टींत मदत हवी आहे. एक, तानपुरा: माझा तानपुरा गिटारसारखा वाजतोय, फाइल सोबत आहे. दोन, नाशकात कुणाकडे चालू स्थितीतलं खरं कार्ड आहे का? डॉसबॉक्सवर (डॉसच्या पीसीची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) सगळं छान वाजतं, पण खऱ्या चिपवर ऐकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

---

गोदाकाठ

वाचनखूण साठवली. ढोलाचा उतरता सूर डोळ्यांसमोर आला, म्हणजे कानांसमोर. मी गोदाघाटावर वाढलो, मिरवणूक लांब असली की आधी फक्त तो घुमारा यायचा, ताशा नंतर. गेममध्ये लांबून जवळ येणारं पथक करता येईल का?

---

पंचवटीकर

येईल. टोटल लेव्हलचे ०.७५ डेसिबलचे ६४ टप्पे आहेत, ० सर्वांत मोठा, ६३ सर्वांत लहान. कॅरियरची लेव्हल हळूहळू ०कडे आणायची म्हणजे आवाज मोठा होतो. मोड्युलेटरची लेव्हल वेगळी हलवायची, म्हणजे धार वाढते. लांबच्या आवाजात धार नसते, म्हणून आधी कॅरियर, मग मोड्युलेटर. पहिल्या पडद्यावर हेच करतो. कल्पना तुमची, श्रेय देईन.

---

आयसास्लॉट

पंचवटीकर, कार्डं आहेत माझ्याकडे, इंदिरानगरला या केव्हाही. एक ४८६ आणि एक पेंटियम चालू आहे.

माळ्यावरचं जुनं 'मल्टिमीडिया किट' काढून बघणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण प्रत्येक जुन्या कार्डावर खरा ओपीएल असतोच असं नाही. यामाहाचं ओपीएल३-एसए असेल तर डोळे झाकून घ्या, आत यामाहाचाच ओपीएल३, म्हणजे ओपीएल२ ची पुढची आवृत्ती, आहे. सुरुवातीच्या साउंड ब्लास्टर १६ वर वायएमएफ२६२ (हाच ओपीएल३) लिहिलेली चिप वेगळी दिसते, तीही उत्तम. नंतर क्रिएटिव्हने स्वतःचं सीक्यूएम नावाचं तंत्र बसवलं, एडब्ल्यूई६४ मध्ये तेच आहे. त्यावर गाणं ओळखू येतं पण काही वाद्यांना चमत्कारिक किणकिण येते. ईएसएसच्या १८६८ मध्ये त्यांचं स्वतःचं ईएसएफएम आहे, ते यामाहाच्या पुष्कळ जवळ जातं आणि भारतात असेम्बल केलेल्या पीसींमध्ये ही कार्डं भरपूर यायची.

खऱ्या चिपवर यायच्या आधी तीन गोष्टी तपासा.

ओपीएल२ ला दम खायला वेळ लागतो. ३८८ हेक्स पोर्टवर रजिस्टरचा नंबर टाकल्यावर ३.३ मायक्रोसेकंद आणि ३८९ वर आकडा टाकल्यावर २३ मायक्रोसेकंद थांबावं लागतं. ॲडलिबच्या काळापासूनची पद्धत म्हणजे स्टेटस पोर्ट आधी ६ वेळा आणि नंतर ३५ वेळा नुसता वाचायचा. डॉसबॉक्स याबाबत उदार आहे, खरं कार्ड नाही. थांबला नाहीत तर सूर गळतात आणि वाटतं की गाणंच चुकलंय.

साइन सोडून दुसरी लहर वापरली असेल तर ०१ रजिस्टरची पाचवी बिट (बिट ० पासून मोजायच्या) सुरू करा. ओपीएल२ मध्ये चार लहरी आहेत, पण ती बिट बंद असेल तर चारही साइनच वाजतात.

आणि ओपीएल३ च्या नव्या मोडमध्ये गेलात तर सी० गटातल्या रजिस्टरांच्या चौथ्या आणि पाचव्या बिटेने डावा-उजवा स्पीकर ठरतो. दोन्ही बंद राहिल्या तर चॅनल मुका. नव्या मोडची गरज नसेल तर त्याला हातच लावू नका, ओपीएल३ आपोआप ओपीएल२ सारखा वागतो.

---

कोडकिडा

दादा, धागा मस्त. मी कॉलेज रोडला राहतो, गोडोट या गेम इंजिनमध्ये गेम करतो. प्रामाणिक प्रश्न आहे, राग मानू नका. मी मिडी फाइल (सुरांची यादी) घेतो, तयार ओपीएल बँक लावतो, ओजीजी (रेकॉर्ड केलेली ध्वनिफाइल) काढतो आणि गेममध्ये टाकतो. पाच मिनिटांत रेट्रो आवाज. एवढी रजिस्टरं हाताने भरून वेगळं काय मिळतं?

---

पंचवटीकर

कोडकिडा, राग कसला, प्रश्न रास्त आहे.

मिडी लिहिणाऱ्याच्या डोक्यात नऊ आवाज नसतात. पियानोचा एक भरगच्च कॉर्ड चार-पाच आवाज खातो, वर स्ट्रिंग्ज, बेस, तबल्याऐवजी कोंगा. दहावा सूर आला की रूपांतर करणारा प्रोग्राम कुठला तरी जुना सूर तोडतो, आणि तो नेमका कुठला ते गाण्याला माहीत नसतं. त्या काळी ज्यांचं संगीत आपल्याला आजही आठवतं, त्यांनी तुटायची वेळच येऊ दिली नाही. कॉर्डऐवजी एकाच चॅनलवर तीन सूर भराभर फिरवले. घुमणाऱ्या दालनाचा भास हवा असेल तर तीच चाल दुसऱ्या चॅनलवर थोडी उशिरा आणि थोड्या कमी आवाजात टाकली. आपल्याला 'रेट्रो' म्हणून जे आवडतं ते या निवडींमधून आलंय. तयार बँक लावून चिपचा रंग मिळतो, निवडी मिळत नाहीत.

दुसरं कारण थेट गेमशी निगडित आहे. ओजीजी एकदा काढली की ती गोठली. 'धप्पा'मध्ये खेळाडू रंगात बुडतो त्या क्षणी मी सगळ्या मोड्युलेटरांची टोटल लेव्हल ६३च्या दिशेने नेतो. हार्मोनिक गळतात, आवाज बोदा होतो, पाण्याखाली कान जसे दडे बसल्यासारखे होतात तसा. डोकं वर आलं की आकडे पूर्ववत. गाणं एक टिकही न चुकता चालू राहतं. गर्दी वाढली की ठेक्याची लय वाढवतो, आणि सूर वर चढत नाही.

हे तुला गोडोटमध्येही करता येईल. न्यूक्ड-ओपीएल३ नावाचा एम्युलेटर सी भाषेत आहे, खुला आहे, आणि चिपचं आतलं वागणं फार बारकाईने उतरवलंय. तो एक्स्टेंशन म्हणून जोड आणि रजिस्टरं थेट त्याला दे. मग ओजीजीची गरजच नाही.

---

कोडकिडा

पाण्याखालची कल्पना वाचून लगेच संगणक उघडला. माझ्या गेममध्ये बोगदा आहे, तिथे हेच करतो. धन्यवाद दादा.

---

स्वरगंगा

मी गंगापूर रोडला गाणं शिकवते, संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण तानपुऱ्याचं वाचलं आणि राहवलं नाही. तुमची फाइल ऐकली. अडचण अशी आहे की तुमची तार छेडल्याबरोबर सगळा आवाज एकदम बाहेर पडतो आणि विझत जातो. तानपुऱ्यात छेडल्यानंतर आवाज उमलतो. घोडीवर तार आणि जवारीचा दोरा यांच्यामुळे हार्मोनिक एकामागून एक वर येतात. ते उमलणं नसेल तर ती गिटारच.

आणि एक विचारते. तुमचे स्वर हार्मोनियमचे आहेत का? चाल काफीची वाटली, होरीसाठी काफी योग्यच, पण कोमल गंधार मला उतरलेला लागला.

---

पंचवटीकर

स्वरगंगा ताई, तुमच्या पहिल्या वाक्यातच उत्तर मिळालं. मोड्युलेटरचा अटॅक मी १५ ठेवला होता. आता ४ केलाय. कॅरियर झटपट सुरू होतो, मोड्युलेटर चढायला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. म्हणजे तार आधी साधी वाजते आणि मग हार्मोनिक उमलतात. फीडबॅक ५ वर ठेवलाय. नवी फाइल चढवली आहे.

स्वरांचं म्हणाल तर होय, ट्रॅकर बारा समान भागांची पट्टी वापरतो. पण चिपवर ते बंधन अजिबात नाही, आणि इथे मला एक फार सुंदर गोष्ट सापडली. सूर ठरतो एफ-नंबर आणि ब्लॉक यांवरून. एफ-नंबर ० ते १०२३, आणि फ्रिक्वेन्सी त्याच्या सरळ प्रमाणात. ब्लॉक एकाने वाढवला की बरोबर एक सप्तक वर. म्हणजे आपल्या श्रुतींची गुणोत्तरं थेट आकड्यांत मांडता येतात. सा ४८० धरला तर:

कोमल रे ५१२, रे ५४०, कोमल ग ५७६, ग ६००, म ६४०, तीव्र म ६७५, प ७२०, कोमल ध ७६८, ध ८००, कोमल नी ८६४, नी ९००, तार सा ९६०.

एकही अपूर्णांक नाही. तीन-द्वितीयांश, पाच-चतुर्थांश, सोळा-पंधरांश, सगळी गुणोत्तरं पूर्णांकात बसतात आणि तार सा सुद्धा १०२३ च्या आत राहतो. ब्लॉक ३ वर हा सा १८२ हर्ट्झचा आहे, काळी तीनच्या किंचित खाली. ट्रॅकर जो कोमल गंधार देत होता तो या हिशोबाने ५७१ येतो. तुम्हाला उतरलेला लागला तो हा पाच आकड्यांचा फरक.

---

स्वरगंगा

नवी फाइल माझ्या विद्यार्थिनींसोबत ऐकली. आता तो तानपुरा आहे. कुणी स्वस्तातल्या इलेक्ट्रॉनिक पेटीचा म्हणेल, पण तानपुरा आहे.

५७६ चा गंधार काफीला शोभतो. अवरोहात म ग रे घेताना मात्र तो तसाच धरून ठेवू नका, रेकडे येता येता थोडा उतरू द्या. आणि सनईच्या ओळीत सूर सुटे सुटे पडतायत. मींड हवी.

तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा अगदी एकसारख्या लावल्यात का? किंचित फरक ठेवा, त्याशिवाय आवाज जिवंत होत नाही. आणि खर्ज तोडू नका. तुमच्या फाइलमध्ये पुढचा पंचम लागला की खर्ज गप्प होतो, ते कानाला फार टोचतं.

---

पंचवटीकर

ताई, जोडीतली एक तार ४८० आणि दुसरी ४८१ केली. ब्लॉक ३ वर एका आकड्याचा फरक म्हणजे ०.३८ हर्ट्झ, त्यामुळे साधारण अडीच सेकंदांनी एक संथ लाट येते. ४८२ करून पाहिलं, घाई वाटते. ४८१ पक्का.

खर्ज तुटत होता कारण चार तारांना मी तीनच चॅनल दिलेत, आणि खर्ज व पंचम एकाच चॅनलवर होते. तानपुरा प सा सा सा असा फिरतो, म्हणजे खर्जाच्या मागोमाग पंचम येतो आणि तो त्याचा गळा धरतो. आता पंचम आणि जोडीतली दुसरी तार एका चॅनलवर ठेवलीत. त्या दोघींमध्ये दोन छेडांचं अंतर आहे, प्रत्येकीला घुमायला वेळ मिळतो. खर्ज एकटा, पहिली जोड एकटी.

मींडेसाठी चिपचा व्हायब्रेटो उपयोगाचा नाही, तो ठरलेल्या वेगाने थरथरतो. मी ढोलासारखंच केलं: एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना की-ऑन (सूर सुरू करणारी) बिट तशीच ठेवून फक्त एफ-नंबर टिकागणिक बदलतो. सूर पुन्हा छेडला जात नाही, नुसता सरकतो. ५७६ वरून ५४० कडे येताना आधी हळू, मग झपकन. सरळ रेषेत नेलं की ते यंत्र वाटतं.

---

पथकवाला

राम राम. मी बरीच वर्षं पथकात ढोल वाजवतो. भावा, ढोल एक नंबर झालाय, टिपरूचा ठण्ण अगदी बरोबर. पण एकच ढोल ऐकू येतोय. नाशिक ढोल एकट्याचा नसतो. आमच्यात कितीही सराव करा, सगळे टिपरू एकाच क्षणी पडत नाहीत, आणि प्रत्येकाचं पान वेगळं ताणलेलं असतं. त्या सगळ्यांचा मिळून जो रुंद आवाज होतो तो छातीत बसतो. कमीत कमी दोन तरी कर.

आणि झांज कुठाय? झांजेशिवाय नाशिक ढोल नाही.

---

पंचवटीकर

पथकवाले दादा, तुमचं सगळं पटतंय आणि तिथेच गाडी अडली आहे. माझे नऊ चॅनल असे गेलेत: तानपुरा तीन, सनई एक, सनईचा प्रतिध्वनी एक, खालचा सूर एक, ताशा एक, ढोल एक. झाले आठ. दुसरा ढोल घेतला की नऊ. झांजेला जागाच नाही. ताईंचा तानपुरा मी तोडणार नाही. प्रतिध्वनी काढला तर सनई कोरडी पडते.

---

ओझरकर

विषयाला थोडं सोडून, पण ज्यांच्याकडे आयसा स्लॉटचा (जुन्या कार्डांच्या खाचेचा) संगणक नाही त्यांच्यासाठी: वायएम३८१२ थेट आर्डुइनोला (छोट्या प्रोग्राम करता येणाऱ्या बोर्डाला) जोडता येते. आठ डेटा पिन, वर ए०, राइट, चिप सिलेक्ट आणि रीसेट. पिन वाचवायच्या असतील तर डेटा ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टर चिपमधून पाठवा. घड्याळासाठी ३.५८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल ऑसिलेटर लागतो, तो एनटीएससी रंगीत टीव्हीच्या काळापासून ढिगाने बनतो. चिपमधून आवाज सरळ येत नाही, आकडे येतात, म्हणून सोबत वायएम३०१४ हा तिचा डीएसी हवाच आणि त्यापुढे एक ऑप-ॲम्प. ऑनलाइन चिप मागवताना सावध राहा, वरचं नाव घासून पुन्हा छापलेला माल फिरतो. आली की आधी टायमरची चाचणी घ्या (त्यासाठी रीड पिनही जोडा आणि डेटा पिन थेट ठेवा, ५९५ मधून वाचता येत नाही): टायमर सुरू करून स्टेटस वाचला आणि ठरलेल्या बिट चढल्या तर चिप जिवंत.

---

आयसास्लॉट

पंचवटीकर, झांजेचा प्रश्न सुटतो. ऱ्हिदम मोड वापरा.

बीडी रजिस्टरची पाचवी बिट सुरू केली की शेवटचे तीन चॅनल मोडून पाच तालवाद्यं होतात: बास ड्रम, स्नेअर, टॉम, सिंबल, हाय-हॅट. वर सहा सुरेल चॅनल शिल्लक राहतात. यातला बास ड्रम दोन्ही ऑपरेटर वापरतो, म्हणजे तुमचा ढोल आहे तसा, फीडबॅकसकट, सातव्या चॅनलवर बसेल. उरलेल्या चौघांना एकेक ऑपरेटर. टॉम म्हणजे निव्वळ विरत जाणारी साइन, दुसऱ्या ढोलाला पुरे, कारण धार पहिल्यात आहे आणि दुसऱ्याने फक्त रुंदी द्यायची. स्नेअरला चिपचा स्वतःचा नॉइज मिळतो, तो ताशाला द्या. सिंबल म्हणजे झांज.

एक गोम आहे. टॉम आणि सिंबल दोघेही नवव्या चॅनलची एकच फ्रिक्वेन्सी वापरतात. टॉमला ७० हर्ट्झ दिले तर झांजेलाही तेच मिळणार. पण मल्टिप्लायर प्रत्येक ऑपरेटरचा वेगळा असतो. टॉमला १ ठेवा, सिंबलला १५.

---

पथकवाला

म्हणजे झांज मिळाली ना? एवढंच सांगा.

---

पंचवटीकर

मिळाली, दादा. आणि झांजच काय, एक आवाज शिलकीत पडला.

रात्री सगळं नव्याने मांडलं. चॅनल १ ते ३ तानपुरा, ४ सनई, ५ तिचा प्रतिध्वनी, ६ खालचा सूर. ७ वर मोठा ढोल, तेच आकडे, काही बदलावं लागलं नाही. ८ मधला स्नेअर ताशा, डिके ८. ९ मधला टॉम दुसरा ढोल. तो पहिल्यापेक्षा १२ टिक उशिरा वाजतो, म्हणजे १७ मिलिसेकंद, आणि एफ-नंबर थोडा खाली आहे. पथकवाले दादांनी सांगितलेली रुंदी लगेच आली. आधी ३ टिक ठेवून पाहिले तर एकच ढोल वाटत होता, ३० ठेवले तर चुकल्यासारखं वाटत होतं.

सिंबलला मल्टिप्लायर १५. टॉमचा सूर उतरताना झांजेचा रंगही जरा सरकतो, कारण फ्रिक्वेन्सी दोघांची एकच. मला वाटलं होतं ते खटकेल. उलट झांज प्रत्येक वेळी तीच ती वाजत नाही, हातात धरलेल्या झांजा जशा कधी कडेने लागतात कधी पूर्ण, तसं होतं. ते मुद्दाम ठेवलंय. हाय-हॅट रिकामा आहे, तिथे धप्पा पडल्यावरचा शिंतोड्यांचा आवाज टाकला. गेमचा आवाजही त्याच चिपमधून, संगीताचा एकही सूर न तोडता.

फाइल चढवली आहे. ऱ्हिदम मोडमध्ये एक काळजी घ्या: चॅनल ७ ते ९ ची नेहमीची की-ऑन बिट बंद ठेवायची, ठोका फक्त बीडीतून द्यायचा. आणि तीच बिट पुन्हा मारायची असेल तर आधी ० करून मग १, नाहीतर दुसरा ठोका लागतच नाही. ताशाच्या भराभर ठोक्यांत हे लगेच जाणवतं.

---

स्वरगंगा

ऐकलं. सनई रेवर येते तिथे माझ्या एका विद्यार्थिनीने आपोआप 'वा' म्हटलं, तिला हे संगणकाचं आहे हे सांगितलेलंच नव्हतं. एक सूचना: ढोल सुरू झाला की तानपुरा दबतो. त्याला वर आणू नका, ढोल थांबतो त्या दोन मात्रांत तो ऐकू आला म्हणजे पुरे. आत्ता त्या जागी सनईचा प्रतिध्वनी येतो. तेवढा काढा.

---

पंचवटीकर

काढला, ताई. त्या दोन मात्रांत आता फक्त तानपुरा आहे.

आयसास्लॉट, रविवारी सकाळी भाच्याला घेऊन इंदिरानगरला येतो. ६ आणि ३५ वाचनांचा डिले घातलाय, ०१ ची बिटही. दोन बिल्ड आणतोय: एक ४८६ साठी, दुसरीत डिले कमी केलाय, ती ओपीएल३ वर पाहू. आधी खऱ्या ओपीएल२ वर वाजवू या. ओझरकर, तुमचा आर्डुइनोचा बोर्ड आणता आला तर त्यावरही हीच फाइल चालेल, नोंदी त्याच आहेत, फक्त ७०० टिकांचा टायमर तुमच्याकडे लागेल.

---

ओझरकर

टायमर लावून ठेवतो. येतो रविवारी, स्पीकरही आणतो, ७० हर्ट्झ लहान डब्यातून निघणार नाहीत.

---

पथकवाला

पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मी ढोल घेऊन येतो, शेजारी ठेवून दोन्ही वाजवू, म्हणजे कुठे कमी पडतंय ते तिथल्या तिथे कळेल.